खडकवासल्याहून दुंडिगलला जाताना



मागच्या अंकात वसतिगृहात राहायला जाणाऱ्या मुलींविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वडिलांचे पत्र आम्ही दोनदा वाचले. ते लिहितात, ‘मुलगा खडकवासल्याच्या एनडीएत हवाईदलाचा कॅडेट आहे. तीन वर्षे संपत आली. आता तो हैदराबादजवळ दुंडिगलला जाईल. आमच्या घरातले पुरुष दोन पिढ्या आखातात गेले, पण विमानात प्रवासी म्हणून बसले. विमान चालवणारा हा पहिलाच. लोक मुबारकबाद देतात, पण त्याच्या अम्मीला रात्री झोप लागत नाही. त्याच्याबरोबर काय द्यावे, त्याला काय सांगावे आणि आम्ही घरी बसून काय करावे?’

या विषयावर आम्ही थोड्या हक्काने बोलू शकतो. आमच्यापैकी एकाची चोवीस वर्षे हवाईदलात विमानांच्या दुरुस्तीत गेली. दुसरीची तीच चोवीस वर्षे घर मांडण्यात आणि मोडण्यात गेली. नऊ वेळा बिऱ्हाड हलवले. आम्ही अधिकारी नव्हतो आणि वैमानिकही नव्हतो. पण नवशिक्या वैमानिकाला शिडी लावून देणारा, त्याचे पट्टे आवळणारा आणि तो परत येईपर्यंत आभाळाकडे पाहत उभा राहणारा माणूस त्याला फार जवळून पाहतो. शिवाय आमचा एक भाचा याच वाटेने गेला. त्याचे जे चुकले त्यात आमच्या कुटुंबाचाही वाटा होता. तेही आज सांगणार आहोत, कारण दुसऱ्या घरात तीच चूक होऊ नये.

पुढची वाट कशी आहे?

आधी रस्ता समजून घेऊ. एनडीएतून बाहेर पडलेले हवाईदलाचे कॅडेट दुंडिगलच्या हवाईदल अकादमीत जातात. पदवीनंतर सीडीएस किंवा एएफकॅट परीक्षा देऊन निवडलेली मुले-मुलीही तिथेच येतात. या अकादमीची पायाभरणी 1967 मध्ये राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांच्या हस्ते झाली होती. पहिले उड्डाण पिलाटस पीसी-7 या पंख्याच्या छोट्या विमानावर शिकवतात. आधी वर्गात हवामान, दिशाशोधन, इंजिन, विमान हवेत कसे तरते याचे शास्त्र. मग प्रशिक्षकाबरोबर उड्डाणे. एक दिवस प्रशिक्षक खाली उतरतो आणि म्हणतो, आता तू एकटा जा. धावपट्टीभोवती एक फेरी मारून उतरायचे, एवढेच असते. पण त्या काही मिनिटांची आठवण माणूस म्हातारपणीही सांगतो.

नंतर वाटा फुटतात. कोणाला लढाऊ विमान, कोणाला मालवाहू, कोणाला हेलिकॉप्टर. मुलाची आवड विचारली जाते, पण निर्णय त्याच्या गुणांवर आणि दलाच्या गरजेवर होतो. हेलिकॉप्टरचे शिक्षण हैदराबादच्याच हकीमपेटला, मालवाहूचे बेंगळुरूजवळ येलहंकाला आणि लढाऊ विमानाचे पुढचे शिक्षण बीदरला हॉक जेट विमानावर होते. म्हणजे पहिल्या दोन-तीन वर्षांतच मुलाचे दोन-तीन मुक्काम होतात. पत्ता पाठ होतो तोवर बदललेला असतो.

बीदरचे नाव निघाले की आमच्या घरात एक जण हसते. तिचे माहेर उदगीरचे. उदगीर आणि बीदर एकाच रेल्वेमार्गावर. लग्नानंतरची पहिली पोस्टिंग बीदरला मिळाली तेव्हा तिला वाटले, हवाईदल म्हणजे माहेरापासून दोन तासांवर राहणे. सुट्टीच्या दिवशी महमूद गवानचा मदरसा पाहायचा आणि संध्याकाळी गाडीने अम्मीकडे जायचे. तीन वर्षांनी आसामचा हुकूम आला तेव्हा हवाईदल खरे कसे असते ते कळले.

पेटीत काय भरावे?

अकादमी सामानाची यादी पाठवते. यादीबाहेरचे काही देऊ नका, हे आमचे पहिले सांगणे. कागदपत्रांच्या प्रती, बँकेचे खाते, चांगले पायमोजे, सुई-दोरा, काळे पॉलिश, एक जाड वही. चिवडा, लाडू द्या, ते पहिल्या रात्रीच सगळी खोली मिळून संपवते आणि त्यातून मैत्री होते. जानमाज द्या, ती जागा फार घेत नाही.

देऊ नये अशा दोन वस्तू आम्ही स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

पहिली वस्तू, औषधाच्या गोळ्या. भाचा दुंडिगलला निघाला तेव्हा त्याच्या अम्मीने, म्हणजे आमच्याच धाकट्या बहिणीने, पेटीच्या कोपऱ्यात एक डबा ठेवला. ताप, डोकेदुखी, जुलाब, सर्दी, सगळ्यांच्या गोळ्या, प्रत्येक पाकिटावर मराठीत चिठ्ठी. आईच ती. आम्हीही तिथे होतो, आम्हीही अडवले नाही. उड्डाणे सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला सर्दी झाली. डॉक्टरकडे गेलो तर ते उड्डाण बंद करतील, बरोबरची मुले पुढे जातील, या भीतीने त्याने घरची गोळी घेतली आणि विमानात बसला.

सर्दी झाली की नाकातून कानाकडे जाणारी आतली वाट सुजून बंद होते. विमान वर जाताना कानातली हवा कशीबशी बाहेर निघते. खाली येताना बाहेरचा दाब वाढतो, पण हवा आत शिरत नाही. पडदा आत ओढला जातो. सुरीने कापल्यासारखे दुखते. उतरताना भाच्याला तेच झाले. बरोबर प्रशिक्षक होते म्हणून निभावले. त्यातून सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी गुंगी येते. जमिनीवर ती गुंगी म्हणजे दुपारची डुलकी. हवेत तिची किंमत किती, हे वेगळे सांगायला नको.

त्याने पहिल्याच दिवशी सर्दी सांगितली असती तर चार-पाच दिवस गेले असते. लपवल्यामुळे तीन आठवडे गेले. एका अम्मीच्या मायेने भरलेला डबा आणि एका मुलाची मागे पडण्याची भीती, दोन्ही मिळून हे झाले. हवाईदलाचे स्वतःचे डॉक्टर असतात, ते याच विषयात शिकलेले असतात. त्यांना न सांगता वैमानिकाने साधी गोळीही घेऊ नये. मुलगा फोनवर म्हणाला, ‘अम्मी, नाक चोंदलंय,’ तर तुमचे उत्तर एकच असावे, ‘डॉक्टरांना सांगितलंस का?’

दुसरी वस्तू, तावीज. तावीजाविषयी आपल्यात वेगवेगळी मते आहेत, त्या वादात आम्ही जात नाही. पण विमानाच्या कॉकपिटमध्ये सुटी वस्तू चालत नाही. विमान उलटे झाले की खिशातले पेन छतावर जाते आणि सरळ झाले की कुठल्या तरी दांड्याच्या फटीत अडकते. एका पेनाने विमानाचे सुकाणू अडू शकते. बीदरला रोज सकाळी आम्ही सारे रांग धरून जमिनीकडे पाहत चालायचो. एक खडा, एक खिळा, एक नाणे दिसले तरी उचलायचे, कारण जेट इंजिन ते आत ओढून घेते. एका कॅडेटच्या गळ्यातला काळा दोरा सैल होता. आम्ही हळूच म्हटले, ‘साहेब, हे खाली ठेवून जा.’ तो जरा थबकला. म्हणाला, ‘अम्मीने दिलंय.’ आम्ही म्हटले, ‘तुम्ही परत येईपर्यंत आम्ही सांभाळतो.’ तो गेला आणि चाळीस मिनिटांनी आला. आम्ही तळहातावर धरलेला तावीज त्याला परत दिला. अम्मींनो, तुमची दुआ त्याच्याबरोबर वर जाते, तिला दोरा लागत नाही.

नव्या वैमानिकाशी चार गोष्टी

आता थोडे थेट त्या मुलाशी किंवा मुलीशी बोलतो. मुलीशी हे मुद्दाम म्हटले. 2016 च्या जूनमध्ये याच दुंडिगलला देशातल्या पहिल्या तीन स्त्रिया लढाऊ विमानासाठी हवाईदलात दाखल झाल्या आणि 2022 पासून एनडीएतही मुली शिकू लागल्या. आपल्या घरातली कोणी या वाटेवर असेल तर हा लेख तिचाही आहे.

पहिली गोष्ट. पहिल्या काही उड्डाणांत मळमळ होते, उलटीही होते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. बहुतेकांचे शरीर हळूहळू सरावते. प्रशिक्षकाला सांगायचे, लपवायचे नाही.

दुसरी गोष्ट. रात्री खोलीत खुर्चीवर बसून डोळे मिटायचे आणि उद्याचे उड्डाण मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचे. हात कुठे जाईल, कोणती सुई पाहायची, रेडिओवर काय बोलायचे, इंजिन बंद पडले तर पहिले काय करायचे. जुने वैमानिकही हे करतात. खुर्चीवर पन्नास वेळा झालेली गोष्ट हवेत हाताला आठवते. इंधन जाळून शिकण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

तिसरी गोष्ट. झोप आणि पोटात अन्न. वेगात वळताना शरीराचे वजन वाढल्यासारखे होते. पाचपट जोर आला तर साठ किलोच्या माणसाला आपण तीनशे किलोचे आहोत असे वाटते. रक्त पायांकडे उतरते, डोळ्यांपुढे अंधारी येते. उपाशी, तहानलेला, जागरण झालेला माणूस लवकर बेशुद्ध पडतो. म्हणून रमजानचा प्रश्न मोकळेपणाने बोलला पाहिजे. आजारी आणि प्रवासी यांना रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनने दिली आहे. तुमच्या कामाला ती कशी लागू होते ते जाणत्या आलिमांना विचारा आणि उड्डाण सुरू होण्याआधीच विचारा. पण उड्डाणाच्या दिवशी आपण रोज्याने आहोत हे प्रशिक्षकापासून आणि डॉक्टरपासून लपवणे कदापि नको. विमानात तुम्ही एकटे नसता, शेजारी किंवा मागे आणखी एक जीव असतो, आणि खाली गावे असतात.

याच ओघात दाढीचाही प्रश्न येतो, तो पत्रांतून अनेकदा विचारला जातो. हवाईदलात मुस्लिम जवानांना व अधिकाऱ्यांना दाढी राखण्याची मुभा नाही. याविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर 2016 मध्ये न्यायालयाने दलाचा नियम कायम ठेवला. कोणाला हे पटेल, कोणाला नाही. मात्र अर्ज करण्याआधी हे घरात बोलून घ्यावे. आत गेल्यावर वाद काढणे ना मुलाच्या हिताचे, ना घराच्या.

चौथी गोष्ट. जमिनीवरच्या माणसाला नावाने ओळखा. उड्डाणाआधी विमानाच्या कागदावर मेकॅनिकची सही असते आणि तिच्याखाली तुमची. ती सही म्हणजे एकमेकांवरचा भरवसा. विमानाभोवती फेरी मारून तपासायचे असते, तेव्हा काही मुले नुसती चालत जातात. काही मुले हात लावून पाहतात आणि विचारतात, ‘दादा, हा डाग कालचा की आजचा?’ अशा मुलांसाठी आम्ही जेवण सोडून काम केले आहे.

मागे पडला तर?

ही गोष्ट लोक बोलत नाहीत, म्हणून आम्ही बोलतो. दुंडिगलला गेलेले सगळेच वैमानिक होत नाहीत. कोणाला सहा महिने मागच्या तुकडीत टाकतात. कोणाचे उड्डाण कायमचे थांबते. जागा असेल आणि तो योग्य ठरला तर त्याला दुसऱ्या शाखेत घेतात, नाहीतर घरी यावे लागते.

आमच्या भाच्याचे तीन आठवडे गेले, मग एक परीक्षा-उड्डाण बिघडले, मग दुसरे. त्याला सहा महिने मागे ठेवले. गावात सगळ्यांना परेडचा महिना सांगून झाला होता. नातेवाइकांनी हैदराबादच्या गाडीचे आरक्षणही केले होते. त्याची अम्मी विचारणाऱ्यांना सांगू लागली, ‘तारीख पुढे गेलीय.’ मग तिने लग्नाकार्याला जाणेच सोडले. आमचे साडूभाई मुलाला रोज फोन करून एकच प्रश्न विचारत, ‘तुझ्याबरोबरचा तो पुढे गेला, मग तू का नाही?’ तो ऐकून घ्यायचा, रात्रभर जागा राहायचा आणि सकाळी पुन्हा तशाच डोळ्यांनी विमानाकडे जायचा.

एका रात्री त्याने आम्हाला फोन केला. म्हणाला, ‘खालू, मला उडण्याची भीती वाटत नाही. संध्याकाळी फोन वाजतो ना, त्याची वाटते.’

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे लातूरला गेलो. साडूभाईंना म्हटले, महिनाभर त्याला फक्त एक प्रश्न विचारा, जेवलास का. ते चिडले. म्हणाले, ‘मी बाप आहे, मेसचा वाढपी नाही.’ पण त्यांनी ऐकले. महिनाभर तोच एक प्रश्न विचारला. शेवटी मुलानेच एक दिवस आपणहून सांगितले, ‘अब्बा, आज प्रशिक्षक शाबास म्हणाले.’

माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम तरुणपणी हवाईदलाच्या निवडीसाठी डेहराडूनला गेले होते. जागा आठ होत्या, ते नववे आले. त्यांनी आपल्या आत्मचरित्रात हे लपवलेले नाही. पुढे काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक नववा मुलगा कलाम होत नाही, हेही खरे. पण नववा आलेला मुलगा घराला नकोसा होत नाही, एवढे तरी आईबापांनी त्याला कळू द्यावे.

भीतीविषयी

पत्रातल्या अम्मीची झोप उडाली आहे. तिला ‘काही होत नाही’ असे सांगणे खोटे ठरेल. 4 डिसेंबर 2023 रोजी सकाळी दुंडिगलहून उडालेले पिलाटस विमान तेलंगणात तूप्रानजवळ कोसळले. प्रशिक्षक आणि कॅडेट दोघेही गेले. अल्लाह त्यांच्या घरच्यांना सब्र देवो. त्या दिवशी आमच्या बहिणीने टीव्हीवर बातमी पाहिली आणि मुलाचा फोन तीन तास लागला नाही. ते तीन तास तिने कसे काढले ते ती आजही सांगत नाही.

त्यानंतर आम्ही एक नियम ठरवला, तो तुम्हीही ठरवा. बातमी आली तर मुलाला सारखे फोन करायचे नाहीत, त्याच्या मित्रांनाही नाही. अशा वेळी तळावर फोन बंद असतात, आणि ते बंद असणे हा वाईट संकेत नसतो. मुलाने, जमेल तेव्हा, एक शब्द पाठवायचा, ‘खैरियत’. बस. आणि एरवी रोज बोलायचे तेव्हा घरातली भांडणे, जमिनीचा वाद, बहिणीच्या सासरचा त्रास त्याच्यापुढे मांडायचा नाही. उद्या सकाळी त्याला उडायचे आहे.

आणखी एक जपणूक. मुलाचा कॉकपिटमधला फोटो, तळाचे नाव, तो कधी कुठे जाणार, हे कौटुंबिक ग्रुपवर टाकू नका. अभिमान असतो, कळते. पण ग्रुपमधून ग्रुपमध्ये काय कुठे जाते ते कोणालाच कळत नाही. समाजमाध्यमांवर गोड बोलून माहिती काढणाऱ्या अनोळखी लोकांपासून मुलाला सावध करा आणि स्वतःही सावध राहा. आम्ही या लेखात भाच्याच्या सध्याच्या तळाचे नाव लिहिलेले नाही, ते याचसाठी.

लग्न आणि पैसा

मुलाची निवड झाली की स्थळे येऊ लागतात. प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत लग्न करता येत नाही, हा स्पष्ट नियम आहे. केले तर काढून टाकतात आणि झालेला खर्चही वसूल करतात. आपल्याकडे ‘निकाह आत्ता उरकू, रुख्सती नंतर’ अशी पद्धत आहे. लक्षात ठेवा, निकाह झाला म्हणजे लग्न झाले. रुख्सती झाली नाही ही सबब तिथे चालत नाही. एका वर्षाच्या घाईसाठी मुलाची सगळी मेहनत पणाला लावू नका. पुढे स्थळ ठरवताना मुलीला आणि तिच्या घरच्यांना कामाचा धोका, सततच्या बदल्या, महिनोन्‌महिने एकटे राहणे, सगळे आधी सांगा. तिचे शिक्षण किंवा नोकरी असेल तर तिचे काय होईल, हे तिलाच विचारा.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या वर्षात कॅडेटला महिना 56,100 रुपये विद्यावेतन मिळते. हा आकडा गावात पोहोचायला वेळ लागत नाही. घराची स्लॅब, बहिणीचे लग्न, चुलत्याचे कर्ज, सगळे त्या आकड्यावर चढते. पण मेसचे बिल, गणवेशाची शिलाई, प्रवास त्यातूनच जातो. पहिले वर्ष त्याला श्वास घेऊ द्या. विमा आणि भविष्यनिर्वाह निधीच्या कागदांवर वारस म्हणून कोणाचे नाव आहे ते त्याने पाहावे, आणि लग्न झाल्यावर त्याच महिन्यात ते पुन्हा पाहावे. हे बोलायला कोणालाच आवडत नाही. न बोलल्यामुळे विधवा सून आणि म्हातारे आईबाप कार्यालयांत समोरासमोर बसलेले आम्ही पाहिले आहेत.

पहिले बिऱ्हाड

बदलीचा हुकूम आला की नवख्या जोडप्याला वाटते, सगळे बरोबर न्यावे. आमचा नऊ बदल्यांचा हिशोब असा आहे. लाकडी कपाट घेऊ नका, तिसऱ्या बदलीला त्याचे दार लागत नाही. लोखंडी पेट्या घ्या. वर गादी आणि चादर टाकली की दिवाण होतो, हुकूम आला की पेटी होते. प्रत्येक पेटीवर आकडा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सामानाची यादी. निकाहनामा, जन्माचे दाखले, शाळेचे कागद, बँकेची पुस्तके एका पिशवीत, आणि ती पिशवी ट्रकमध्ये कधीच नाही, स्वतःच्या हातात. पडद्यांवर पैसे घालू नका, प्रत्येक क्वार्टरच्या खिडक्या वेगळ्या मापाच्या असतात. सामान नेण्याचा खर्च मिळतो, पण पावत्या असतील तरच. मुले केंद्रीय विद्यालयात घाला, अभ्यासक्रम तोच राहतो आणि बदली झालेल्यांच्या मुलांना प्रवेशात प्राधान्य असते.

आणि नव्या जागी पोहोचलात की पेट्या उघडण्याआधी शेजारचे दार वाजवा. आसामात आम्ही पोहोचलो तेव्हा पाऊस होता, गॅस नव्हता, कडेवर आठ महिन्यांची मुलगी होती. शेजारच्या पंजाबी बाईंनी न विचारता दुधाची बाटली गरम करून आणली. पुढच्या ईदला शीरखुर्म्याचे पहिले भांडे त्यांच्याकडे गेले, आणि पुढची तीन वर्षे तेच होत राहिले. वर्दीतल्या माणसाचे घर शेजाऱ्यांवर चालते. नवरा बाहेर असताना मुलाला ताप आला तर लातूरहून कोणी येऊ शकत नाही.

या बाबतीत आम्हाला बिल्किस लतीफ यांची आठवण होते. त्यांचे यजमान एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ मूळ हैदराबादचे, 1942 मध्ये हवाईदलात आलेले. फाळणीच्या वेळी सैन्याचीही वाटणी झाली. त्यांचे असगर खान आणि नूर खान यांच्यासारखे सोबती पाकिस्तानात गेले आणि त्यांनाही बोलावणे आले. त्यांनी भारत निवडला, 1978 ते 1981 हवाईदलप्रमुख राहिले आणि पुढे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. पोस्टिंगमागून पोस्टिंग काढून राजभवनात आलेल्या बिल्किसबाईंनी मुंबईत धारावीच्या वस्तीत काम केले. जिथे पाठवतील तिथले होऊन राहायचे, हे या नोकरीत घरच्या बाईलाही शिकावे लागते, आणि काही जणी ते फार सुंदर शिकतात.

भाच्याला शेवटी हेलिकॉप्टर मिळाले. त्याला लढाऊ विमान हवे होते. दोन दिवस तो गप्प होता. पूर आला की लोक छपरावर चढून कोणाची वाट पाहतात, एवढेच आम्ही त्याला विचारले. परेडच्या दिवशी दुंडिगलला उन्हात आम्ही सगळे उभे होतो. त्याच्या अम्मीने आणि अब्बांनी त्याच्या खांद्यावर पट्ट्या लावल्या. अम्मीचा हात कापत होता, पिन दोनदा निसटली. साडूभाईंना काय बोलावे सुचेना. शेवटी ते म्हणाले, ‘जेवलास का?’

तो आता ईशान्येकडे आहे. मागच्या महिन्यात त्याने फोन करून विचारले, ‘खाला, पेट्यांवर आकडे घालायचे ते रंगाने की खडूने?’ रंगाने, असे आम्ही सांगितले. खडू पहिल्याच पावसात जातो.

रत्नागिरीच्या भाईसाहेबांना आमचे उत्तर एवढेच. पेटी हलकी ठेवा, फोन हलका ठेवा. बाकी त्याला शिकवणारे तिथे आहेत, आणि विमानाखाली उभे राहून त्याची वाट पाहणारेही आहेत. त्याच्या अम्मीला आमचा सलाम सांगा. आमच्या घरी आता दुआ करताना एक नाव वाढले आहे.